दोन शब्द आपल्या भाषेत

"मावशी, दोन शब्द आपल्या भाषेत बोला," म्हणत मुख्याध्यापकांनी माईक मर्ल मावशींच्या हातात दिला.

मावशींनी तो घेतला आणि त्या फळ्याकडे बघत राहिल्या.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या त्या. ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीकाठच्या त्यांच्या आदिवासी वस्तीत नळ आला तो त्यांच्यामुळे, दवाखानाही त्यांच्यामुळेच. जमिनीच्या दाव्यात त्यांनी सिडनीहून आलेल्या मंत्र्यांना भर उन्हात वाळूवर बसवून सगळं ऐकवलं होतं. शाळेत आपली भाषा शिकवा, म्हणून तर त्या सव्वीस वर्षं भांडल्या. आज तो वर्ग सुरू होत होता. शिकवणारी टार्नी चोवीस वर्षांची होती. गेलेल्या म्हाताऱ्यांच्या जुन्या ध्वनिफिती ऐकून ती भाषा शिकली होती.

मावशींची भाषणं कायम इंग्रजीत. सरकारला कळावं म्हणून, असं सगळे समजत. त्यांचे चुलतभाऊ क्लॅरी तर चिडवायचे, "मर्ल, तू आता मंत्र्यांसारखीच बोलायला लागलीस." वस्तीतल्या जुन्या गोष्टी क्लॅरींनाच ठाऊक, असा त्यांचा लौकिक होता.

खरी गोष्ट निराळी होती. मावशींच्या लहानपणी ही भाषा बोलणाऱ्या घरातली मुलं सरकारी माणसं उचलून नेत. आई आणि आजी आपसात कुजबुजायच्या, पण छोटी मर्ल जवळ आली की गप्प व्हायच्या.

घसा बसलाय म्हटलं असतं तरी भागलं असतं. आजवर तसंच भागवलं होतं. पण फळ्यावर टार्नीने पहिला धडा लिहून ठेवला होता, आणि मावशींना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

"मला येत नाही," त्या माईकवर म्हणाल्या. "एक वाक्यसुद्धा येत नाही. म्हणून तर भांडले. टार्नी, मला बसायला जागा दे, बाई."

मावशी मुलांच्या बाकावर कशाबशा बसल्या. मागे भिंतीलगत वस्तीतली म्हातारी मंडळी बसली होती. त्यांतून क्लॅरी उठले आणि टोपी काढून पुढे आले. आता हा काहीतरी टोमणा मारणार, म्हणून मावशींनी मान खाली घातली.

"सरक जरा," ते हळूच म्हणाले. "मला तरी कुठे येते?"

मग भिंतीलगतच्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होऊ लागल्या, आणि मुख्याध्यापकांना शेजारच्या वर्गातून बाकं आणावी लागली.