शेगडी लावायचा दिवस

“अगं, धर नीट! नळकांडं धरायला सांगितलंय, मिठी मारायला नाही.”

“काजळी पडतेय माझ्या डोक्यावर!” मुझेय्येन खालून ओरडली. “तुला काय जातंय बोलायला? राजासारखा स्टुलावर उभा!”

बुर्सा शहराच्या वर, आमच्या चढाच्या गल्लीत, हिवाळा असाच सुरू होतो. डोंगरावर पहिलं बर्फ दिसलं की कोळशाच्या लोखंडी शेगड्या बाहेर निघतात. एकाने धूर बाहेर नेणारं नळकांडं धरायचं, दुसऱ्याने बसवायचं, आणि दोघांनी मिळून एकमेकांची अक्कल काढायची. शेगडी लावताना नवरा-बायको भांडले नाहीत, असं घर या गल्लीत मी तरी पाहिलेलं नाही.

रिफ्की स्टुलावर टाचा उचलून उभा होता. पायातल्या नक्षीच्या सपाता त्याला आखूड होत होत्या.

“वरच्याचं तोंड खालच्याच्या आत गेलं पाहिजे,” तो म्हणाला. “नाहीतर काजळीचं पाणी बाहेर ओघळतं. दर वर्षी सांगतो.”

“दर वर्षी ऐकते. पक्कड हवीय का?”

“कुठे ठेवलीस?”

“गेल्या वर्षी होती तिथेच.”

पक्कड बरोबर तिथेच होती. त्याने तारेने नळकांडी छताच्या खिळ्यांना बांधली, सांधे चाचपले, शेगडीखालचा पत्रा सरळ केला, पडदा ओढून लांब खोचला. धुराडं तर त्याने सकाळीच छपरावर चढून साफ केलं होतं. या वयात! पण ऐकतो कुणाचं?

एका हिवाळ्यात रिफ्की घरात नव्हता, तेव्हा मुझेय्येनने एकटीनेच शेगडी लावली होती. लेक सेवगी तेव्हा पहिलीत होती. दुपारी दक्षिणेचा वारा सुटला, धुराड्यातला धूर उलटा फिरून घरात कोंडला, आणि शेजाऱ्यांनी दार फोडून मायलेकींना बाहेर अंगणात आणून टाकलं. वाचल्या, नशीब! त्यानंतर रिफ्कीने ही नळकांडी दुसऱ्या कुणाला बसवू दिली नाहीत.

दारावरची घंटा वाजली. गॅस कंपनीचा तुंजाय होता, हातात कागद. या गल्लीत तो नवाच होता.

“मुझेय्येनकाकू, गॅसच्या जोडणीचा आज शेवटचा दिवस हं. उद्या रस्ता बुजवून डांबर टाकणार. मग पुन्हा कधी खोदतील, देव जाणे. सगळ्या गल्लीने यंदा गॅस घेतला, तुमचंच घर राहिलंय.”

मुझेय्येन हातावरची काजळी पुसत राहिली. तुंजायने आत डोकावून रिफ्कीकडे पाहिलं. “काका, तुम्ही तरी करा ना सही.”

“घर तिचं आहे, बाबा,” रिफ्की म्हणाला. मग तिच्याकडे वळला. “घे ना गॅस. गुडघे बघ तुझे. तळघरातून कोळशाच्या बादल्या किती वर्षं ओढणार? गॅस आला की ही नळकांडी भंगारात. वर्षातून दोनदा हा गोंधळ तरी कशाला?”

“मला आवडतो गोंधळ.”

“थंडीत जिना चढताना कळवळतेस. सेवगीने सांगितलंय मला.”

“सेवगीला स्वतःची पोरं सांभाळू दे. नको रे तुंजाय, दुसरीकडे जा. चहा घेतोस?”

तुंजायने चहा घेतला नाही. मान हलवत तो उतरून गेला.

रिफ्कीने वर्तमानपत्राचा बोळा पेटवून शेगडीच्या तोंडाशी धरला. ज्योत सरळ आत ओढली गेली. “ओढतेय,” तो म्हणाला, आणि दोघंही नकळत हसली. मग लाकडाच्या ढलप्या, त्यावर कोळसा. लोखंड तापायला लागलं. मुझेय्येनने संत्र्याची साल वर ठेवली, शेजारी भाजायला चिरा दिलेले चार चेस्टनट. खोलीत तो वास भरला आणि रिफ्कीने डोळे मिटून घेतले.

“सेवगीचे ओले मोजे या तारेवर वाळायचे,” तो म्हणाला.

“एकदा जाळलेस तू.”

“जाळले नाहीत. जरासे करपले होते.”

“लाल होते. माझ्या आईने विणलेले. किती रडली होती पोर!”

तिने चहाचा पेला पुढे केला. बशीत साखरेचे दोन खडे.

“साखर बंद केलीय डॉक्टरने.”

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून.”

“मला बोलला नाहीस.”

“तू विचारलं नाहीस.”

तिने खडे उचलून डब्यात टाकले. शेगडीत कोळसा तडतडत होता. चेस्टनट फुटले तेव्हा तिने सोलून त्याच्यापुढे सरकवले.

ऊन कलायला लागलं तसा रिफ्की उठला. कोट चढवला. “दक्षिणेचा वारा सुटला तर कोळसा घालायचा नाही. पेटलेली असली तर विझू द्यायची. खिडकीची फट उघडी. कळलं?”

“कळलं रे बाबा, कळलं.”

“थंडी सरली की नळकांडी काढू.”

“काढू,” ती म्हणाली. तो दिसेनासा होईपर्यंत ती दारातच उभी राहिली. गार वारा आत येत होता, तरी.

उताराच्या पायथ्याशी बसथांब्यावर तुंजाय उभा होता.

“काका, राग मानू नका, पण बायकोला या वयात कोळसा ओढायला लावणं बरं दिसतं का? तुम्ही जरा जोर केला असता तर झाली असती सही.”

रिफ्कीने वर पाहिलं. मुझेय्येनच्या धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता. बस आली. त्याने दांडा पकडला, पायरीवर पाय ठेवला.

“बायको नाही रे ती माझी,” तो म्हणाला. “सेवगी पहिलीत गेली त्याच वर्षी आमचा घटस्फोट झाला.”