पोस्टमनकाकांची चाल

यांत्रिक पायावरचा लाल दिवा सकाळपासून अकराव्यांदा लागला आणि पोस्टमनकाका कठडा धरून उभे राहिले.

"पुन्हा चुकलं?" त्यांनी विचारलं. अर्धांगाच्या झटक्याला आठ महिने झाले होते. जीभ केव्हाच ताळ्यावर आली होती, डावा पाय मात्र अजून रुसलेला होता.

"चुकलं असं नाही काका, जरा इकडेतिकडे झालं," इंजिनिअर म्हणाली. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे तिला ते धड जमलंही नाही. यंत्र तिचंच होतं, तीन वर्षं खपून केलेलं. कमरेपासून घोट्यापर्यंत बांधायचं, कठड्यांमधल्या लाकडी वाटेवर चालायचं, आणि पाऊल चुकलं की यंत्र ते ओढून सरळ करणार. बरोबर पाऊल कसं असतं, हे यंत्राला शिकवायला तिने दोनशे धडधाकट माणसांच्या चालीची सरासरी काढली होती. आज काकांचा इथल्या उपचारांचा शेवटचा दिवस. लाल दिव्याशिवाय एक तरी फेरी पुरी झाली नाही, तर यंत्र यादीतल्या पुढच्या पेशंटला जाणार होतं आणि काका काठी टेकत घरी.

कोपऱ्यातल्या स्टुलावर मांडीत पिशवी घेऊन काकू बसल्या होत्या. आठ आठवडे त्या अशाच बसायच्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आज त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"एक सांगू का?" त्या म्हणाल्या. "तुमचं यंत्र ह्यांना दुसऱ्याच कोणासारखं चालायला लावतंय."

"म्हणजे?"

"हे असे कधी चाललेच नाहीत. बत्तीस वर्षं टपालाची पिशवी डाव्या खांद्यावर. डावा पाय धप्पकन पडायचा, उजवा नुसता टेकायचा. आमचं घर चौथ्या मजल्यावर, पण हे पहिल्या मजल्यावर असतानाच मला कळायचं. बेल वाजायच्या आत मी दार उघडायचे."

"आमची बेल अजून नवीच्या नवी आहे," काका म्हणाले.

इंजिनिअर हसली. बायकोला काय, नवऱ्याचं सगळंच वेगळं वाटतं, असं तिच्या मनात आलं. पण गप्प बसेल तर ती इंजिनिअर कसली. दाराशी काकांचे जुने बूट होते. चालताना सगळ्यांनी इथलेच नवे बूट घालायचे, हा नियम तिनेच केलेला, म्हणून ते आठ आठवडे दाराशीच पडून असायचे. तिने ते उचलून उलटे केले. डाव्याची टाच झिजून पार पातळ झाली होती. उजव्याच्या तळाची नक्षी अजून शाबूत होती.

ती बूट हातात घेऊनच संगणकाकडे गेली. अकराच्या अकरा लाल दिवे एकाच जागी लागले होते. दर वेळी काका डाव्या पायावर जरा जास्त रेंगाळत होते. पाय अडकतोय, असं तिने वहीत लिहून ठेवलं होतं. तो अडकत नव्हता. काका दुबळ्या पायावर हिमतीने भार टाकत होते, आणि हिचं यंत्र तो पाय त्यांच्याखालून काढून घेत होतं. तिला लाज वाटली. पण लाजेपेक्षा कुतूहल मोठं निघालं.

"काकू, टेबलावर वाजवून दाखवता? कसे यायचे ते."

काकूंनी आठवायलासुद्धा वेळ घेतला नाही. मुठीने धप्प, बोटाने टक. धप्प, टक. इंजिनिअरने ते मोजलं, आकडे यंत्रात भरले आणि मग ती थांबली.

"मला पटलं म्हणून ते खरं ठरत नाही," ती म्हणाली. "काकू, तुम्ही बाहेर बसा. मी तीन चाली लावते, कुठली कधी ते सांगणार नाही. काका ओळखू आले की आत ऐकू येईल असं मोठ्याने सांगा."

"आणि नाही ओळखलं तर?" काकांनी विचारलं.

"तर माझं चुकलं," इंजिनिअर म्हणाली.

काकू व्हरांड्यात गेल्या. दार लागलं. काका वाटेच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले.

पहिली चाल दोनशे माणसांचीच होती. चार पावलांत लाल दिवा लागला. "हे नव्हेत," बाहेरून आवाज आला.

दुसरीही तीच, फक्त सावकाश. "हेही नव्हेत. हे कोणीतरी पाहुणे आलेत, घर चुकलेले."

इंजिनिअरने तिसरी लावली. काकांनी एकदा डाव्या खांद्याकडे बघितलं, तिथे काहीच नव्हतं, तरी तो किंचित खाली झुकला. धप्प. टक. धप्प. टक. यंत्र त्यांच्या मागोमाग नुसतं गुणगुणत राहिलं. काकांनी कठडा सोडला, तो केव्हा सोडला हे त्यांनाही कळलं नाही.

अर्धी वाट सरली. बाहेरून काही उत्तर आलं नाही. इंजिनिअरने वहीवर पेन्सिल टेकवून 'नाही' लिहायला घेतलं. ओळखायचं असतं तर एव्हाना ओळखलं असतं, असं तिला वाटलं आणि वाईट वाटलं.

दार उघडलं. काका अजून सहा पावलं लांब होते. काकू उंबऱ्यात बाजूला सरून उभ्या होत्या, आत येणाऱ्याला वाट देतात तशा. सांगायचं होतं ते त्या साफ विसरल्या होत्या.

"आज फार उशीर केलात," त्या म्हणाल्या.