काजळाचं बोट

अमिरातीतल्या अल ऐनच्या पुष्पप्रदर्शनात नऊ नंबरच्या बागेपाशी आल्यावर परीक्षक मृणालिनी थबकलीच. बाग दृष्ट लागण्यासारखी होती. पांढरे पिटुनिया, पांढऱ्या कुंड्या, औषधालासुद्धा वाळकं पान नाही. फक्त पुढच्या कुंडीवर बोटाएवढा काळा डाग होता.

"हे काय आहे?" मुख्य परीक्षकांनी वाकून इंग्रजीत विचारलं. "तुम्हाला काही कळतंय?"

कळलं होतं. सकाळीच परीक्षेला निघालेल्या आपल्या मुलाच्या, देवांशच्या, कानामागे तिनं असंच काजळाचं बोट टेकवलं होतं. स्पर्धकांनी बोलायचं नाही असा नियम होता, म्हणून बाग करणारी बाई दोरीपलीकडे गप्प उभी होती. पण मृणालिनीच्या बिल्ल्यावरचं मराठी आडनाव वाचून तिचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. मृणालिनीला मात्र गेल्या वर्षीची कुजबुज आठवली, की या मॅडम आपल्या लोकांना झुकतं माप देतात.

"काही कल्पना नाही," ती म्हणाली. स्वच्छतेचे पाच गुण गेले आणि त्यांच्याबरोबर पहिला नंबरही.

निकालानंतर ती बाई सरळ तिच्याकडेच आली. मृणालिनी दोन पावलं मागे सरली. आता ही चारचौघांत भांडणार!

ती भांडली नाही.

"मी काजळ परक्यांसाठी लावलं होतं, ताई," ती म्हणाली. "आई सांगायची, आपल्या माणसाची दृष्ट आधी लागते. मी हसण्यावारी नेलं."