आपोआप दुरुस्ती
हर्षल पंचवटीतल्या खोलीत बसून स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा घडवत होता. तिची नवी आवृत्ती निघाली, की दिंडोरीच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधला, त्याच भाषेत लिहिलेला जुना प्रोग्राम हमखास मान टाकायचा. तिथली भाग्यश्री वैतागून फोन करायची आणि हर्षल स्कूटरला किक मारून दुरुस्तीला पळायचा. शेवटी त्याने जुने प्रोग्राम आपोआप नव्या आवृत्तीत बदलून देणारं टूल बनवलं. ते इतकं चोख चाललं, की तिचा फोन येणंच बंद झालं. मग याला चैन पडेना. सारखा रिसीव्हर उचलून फोन चालू आहे ना, ते बघायचा.

आज फोन वाजला.

"सर, प्रोग्राम बंद पडलाय."

"पण मी तर नवीन काही पाठवलंच नाही."



"मग मीच बिघडवला असेल. येताय ना?"