कडीकोयंडा

प्रतीक्षानं स्कूटी थेट धुरपदाबाईंच्या अंगणात घातली आणि हेल्मेट काढायच्या आधीच सांगून टाकलं, "मावशी, तुमच्या चोराचा बंदोबस्त केला!"

धुरपदाबाई दारातच बसल्या होत्या, मांडीवर मोबाईल घेऊन. चेहरा पार उतरला होता. "चोर?" एवढंच म्हणाल्या.

पण प्रतीक्षाला आज गप्प बसवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. पुण्याची नोकरी सोडून ती येडशीला परत आली, तेव्हा लोकांनी तिला वेड्यातच काढलं होतं. धंद्याचं नाव 'कडीकोयंडा' ऐकून तर भाऊ पोट धरून हसला होता. हसू दे! काम चोख होतं. कुणाला आपल्या माहितीची पानं एकमेकांना जोडून स्वतःपुरती ठेवायची असली, म्हणजे स्वतःची विकी करायची असली, की तिच्या सर्व्हरवर जागा मिळायची. कुलूप असं, की मालकाशिवाय कुणाला आत डोकावता यायचं नाही. खुद्द प्रतीक्षालाही नाही. कुणी चुकीचा पासवर्ड टाकला, की मालकाच्या मोबाईलवर लगेच इशारा जायचा.

येरमाळ्याच्या धुरपदाबाई तिचं अगदी पहिलं गिऱ्हाईक. शेळ्यांची दुखणी, झाडपाला, बी कसं राखायचं, असलं सगळं त्यांच्या विकीत आहे, असं त्याच सांगायच्या. त्यांच्या धाकट्या मुलानं, कृष्णराजनं, ती काढून दिली होती. मोबाईलमध्ये बोलून पानं कशी भरायची, तेही शिकवलं होतं.

अशा बाईच्या विकीवर कुणीतरी टपलंय म्हटल्यावर प्रतीक्षाचं डोकंच फिरलं होतं. पहिलंच गिऱ्हाईक लुटलं गेलं, तर कडीकोयंड्यावर भरवसा कोण ठेवील?

"लई बेरकी होता, मावशी," ती ओट्यावर बसत म्हणाली. "बाकीचे चोर एका दमात हजार पासवर्ड मारून बघतात. हा दिवसाला एकच. सकाळी एकदा टाकला, की दुसऱ्या दिवसापर्यंत गपगार. आणि गाव रोज वेगळं. आज सोलापूर, उद्या हैदराबाद. म्हटलं, बेट्या, गाव बदलशील, पण फोन तर एकच आहे ना तुझा? परवा तो फोनच अडवून टाकला. आता कितीही आपटू दे, तुमच्यापर्यंत आवाजसुद्धा यायचा न्हाय."

"म्हून वाजंना व्हय," धुरपदाबाई हळूच म्हणाल्या.

"कशाला वाजंल? सुखानं झोपा आता."

मागं एकदा धुरपदाबाईंनीच हट्ट धरला होता, "त्यो इशारा मोठ्यानं वाजव पोरी. गोठ्यात ऐकू गेला पायजे." बाई किती भ्यायल्यात, असं वाटून प्रतीक्षाला वाईट वाटलं होतं. तिनं देवळातल्या घंटेचा आवाज लावून दिला होता.

त्याच गोठ्यात आत्ता धुरपदाबाईंचे मालक, श्रीमंतराव, पाठमोरे बसून दावं वळत होते. प्रतीक्षा आली तरी त्यांनी मान वळवली नव्हती. माणूस तसा तिरसटच.

"चहा टाका की मावशी. चोर पळाल्याच्या आनंदात."

"तुला टाकते. माजा उपास हाय."

"आज कसला?"

"कालधरनं हाय. येडेश्वरीला बोलले."

प्रतीक्षाला हसूच आलं. इकडं चोराची वाट बंद झाली, आणि बाई अजून देवीला वेठीला धरून बसल्यात! भिंतीवरच्या फोटोत कृष्णराज दात काढून हसत होता. जरा विषय बदलावा म्हणून तिनं विचारलं, "कृष्णादादा काय म्हणतोय? असतो कुठं आता?"

गोठ्यातले हात थांबले. धुरपदाबाईंनी एकदा तिकडं पाहिलं. "असंल कुठंतरी," म्हणाल्या आणि मोबाईल पदरानं पुसू लागल्या. मग एकदम म्हणाल्या, "पोरी, त्यो आज आला व्हता का?"

"कोण, चोर? आला होता की!" प्रतीक्षानं ऐटीत आपला मोबाईल पुढं धरला. "हे बघा. आज सकाळीच, विजयवाड्याहून. काल पण आला होता. दोन्ही वेळा दारातूनच हाकलला!"

धुरपदाबाईंनी डोंगरावरच्या देवळाकडं बघून हात जोडले, आणि तोंडात पदर कोंबून ढसाढसा रडायला लागल्या.

"अगं बया! मावशी, आता कसली भीती?"

उत्तर गोठ्यातून आलं. श्रीमंतराव उठून उभे राहिले होते. दावं तसंच हातात होतं.

"त्याला हाकलू नगंस, पोरी," ते म्हणाले. "घरी कुनाशी बोललास तर माजं मेलेलं तोंड बघशील, अशी शपथ घातलीया म्या त्याला. त्यो पासवर्ड त्यानंच ठिवलाय. बरोबर टाकला तर घंटा वाजत न्हाय, म्हून रोज चुकवतंय पोरगं."