हात बसला

ए, ऐका ना! आमच्या फिजिशियन असिस्टंटच्या मास्टर्स बॅचमधली ढापणी रोज संध्याकाळी सरावासाठी आईचं पोट तपासायची. आई गुदगुल्यांनी हसायची, “आटप गं, भाजी करपेल माझी!” बरगडीखाली लिव्हरची टणक कडा आधी बोटांना जेमतेम लागायची, दोन महिन्यांत सहज सापडायला लागली. ढापणी जाम खूश, म्हणे हात बसला! मग परीक्षेत पेशंट म्हणून कॉलेजचे धडधाकट ड्रायव्हरकाका झोपलेले. हिनं दाबदाब दाबलं, कडा लागेचना. रडकुंडीला येऊन म्हणाली, “मॅडम, सापडत नाहीये.” मॅडम हसल्या. “वेडाबाई, निरोगी माणसाची अशी सहसा लागतच नाही. पूर्ण मार्क!” काका उठून बसले, ढापणीचा हात मात्र तसाच हवेत. बाहेर येते तोच आईचा फोन. “झालीस ना गं पास?” “झाले.” “मग! माझं पोट आलं की नाही कामाला?” “आई, तू आत्ताच इकडे ये. मॅडमना तुझं पोट दाखवायचंय.”