एकाच टाकीतले

थोरलीने आपलं एक मूत्रपिंड धाकट्या बहिणीला दिलं, त्याच वर्षी धाकटीच्या नवऱ्याच्या हाताला गाठी आल्या. त्याचं शोभेच्या माशांचं दुकान. टाकी धुताना बोट खरचटलं, तिथून पाण्यातला रोग आत शिरला आणि गाठी कोपरापर्यंत चढल्या.

डॉक्टरांनी कित्येक महिने घ्यायच्या कॅप्सूल दिल्या. "हात पाण्यात घालायचा नाही. लघवी लाल होईल, घाबरू नका." तो घाबरला तर नाहीच, उलट घरी येऊन म्हणाला, "बघ, औषध आरपार पोचलं!"

"पुरे! आता गिऱ्हाइकांनाही सांगत बसा," बायको म्हणाली.

पण टाक्या धुणार कोण? मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी तिला टाकीला शिवायचंसुद्धा नाही म्हणून बजावलं होतं. तो जेवायला गेला की ती बाह्या सरसावायची. एक दिवस चहा देताना त्याला तिच्या मनगटावर तशीच गाठ दिसली.

"ऊठ. दवाखान्यात चल."

"नको हो. ते मला फाडून खातील. आणि ताईला काय तोंड दाखवू? तिने माझ्यासाठी पोट चिरून घेतलं, आणि मी मासे धूत बसले!"

तो टाक्यांकडे बघत राहिला. एक मासा आजारी पडला की औषध त्या एकट्याला देत नाहीत. पाण्यातच सोडतात, सगळ्यांना मिळतं. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. जुनीच चिठ्ठी दाखवून त्याने दुप्पट कॅप्सूल आणल्या.

"एका टाकीतल्यांना एकच औषध. घे."

"म्हणजे मी मासा?"

"मासोळी. तोंड उघड."

मूत्रपिंड टिकवणाऱ्या गोळ्या ती न चुकता घेत होतीच. त्यांच्या जोडीला रोज ही कॅप्सूल. तिचीही लघवी लाल झाली, तेव्हा दोघंही हसली. गाठ बसत चालली. माशाचे कल्ले बघावेत तसं तो तिचं मनगट टाकीच्या दिव्याखाली धरून बघायचा.

मग तिच्या पायांवर सूज आली. लघवी जवळजवळ बंदच झाली.

"आमच्याखेरीज दुसरं काही औषध?" इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं. त्याने घाईघाईने खिशातलं पाकीट काढून दिलं. त्याचा काही उपयोग झाला तर झाला.

डॉक्टर पाकिटाकडे बघतच राहिले. "या कॅप्सूलमुळे आमच्या गोळ्या अंगात टिकत नाहीत. ती त्या घेत होती, पण न घेतल्यासारख्याच. शरीराने बहिणीचं मूत्रपिंड झिडकारलं."

बाहेर बाकावर थोरली कुशीवर हात ठेवून बसली होती. "काय म्हणाले?" तिने विचारलं. तो तिच्या शेजारी बसला.

धाकटीच्या मनगटावर गाठीचा डागही उरला नव्हता. ऑपरेशनला वर्ष व्हायच्या आतच ती गेली.